दोरीवर टांगलेला माणूस : 'मिशन: इम्पॉसिबल' (१९९६) पुन्हा पाहताना

भाचीने रिमोट उचलला आणि सिनेमा मागे नेला. "थांब मामा. तो कॉफीवाला खोलीत असला की अलार्म बंद असतात ना? मग हा वर लटकून घाबरलाय कशाला?"

मी काही बोललो नाही. तिनेच मागचा संवाद पुन्हा ऐकला आणि मान डोलावली. "हां, अलार्म बंद आहेत. पण त्याने मान वर केली तर?" मग ती पुढचं बघायला लागली.

हे प्रकरण लिहायला घेतलं ते तिच्या या शंकेमुळे. 'मिशन: इम्पॉसिबल' आला १९९६ च्या मे महिन्यात, ही पोर जन्मायच्या कितीतरी आधी. त्यातले संगणक आज वस्तुसंग्रहालयात शोभतील. फोन करायचा तर नायक बूथ शोधतो. देशाचं सगळ्यात मोठं गुपित एका चकतीवर मावतं आणि ती चकती लोक खिशात घालून हिंडतात. असं असूनही त्या एका खोलीचे नियम तिने इतके पक्के ध्यानात ठेवले होते, की सिनेमावाले चुकले की काय हे ती तपासत होती. अलीकडचे साहसपट पाहताना अशी शंका तिला क्वचितच येते. चूक पकडायची तर आधी कोणीतरी नियम सांगायला हवा, आणि तो सांगायला बहुतेकांना सवड नसते.

तेव्हा प्रश्न असा: हा हेरपट अजून ताजा का वाटतो, आणि तो सगळाच ताजा वाटतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. म्हणूनच पहिल्याचं उत्तर शोधणं सोपं जातं.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच बरी. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९६६ ते १९७३ या काळात याच नावाची मालिका चालली. तिचा कर्ता ब्रूस गेलर. मालिकेत एकटा नायक नसे. चमू असे, प्रत्येकाला वाटून दिलेलं काम असे आणि त्यांचा म्होरक्या म्हणून जिम फेल्प्स नावारूपाला आला. टॉम क्रूझने निर्माता म्हणून पहिल्यांदा सिनेमा करायचं ठरवलं तेव्हा हा विषय उचलला आणि दिग्दर्शनाला ब्रायन डी पाल्मा यांना बोलावलं. पटकथेवर डेव्हिड केप, स्टीव्हन झेलियन आणि रॉबर्ट टाउन अशा तीन नावाजलेल्या लेखकांचे हात फिरले. तरीही तयारी सुरू झाली तेव्हा मनासारखी पटकथा हातात नव्हती. मोठे साहसप्रसंग आधी आखले गेले, त्यांना जोडणारी गोष्ट मागून आली.

ते दिसतंही. गोष्ट म्हणजे मण्यांमधला दोरा, तोही जागोजागी गाठी मारलेला. पूर्व युरोपात वेषांतर करून राहणाऱ्या अमेरिकी हेरांच्या खऱ्या नावांची यादी चोरणाऱ्याला पकडायला फेल्प्सचा चमू प्रागला जातो. तिथे एकामागून एक सगळे मारले जातात. उरतो इथन हंट, म्हणजे क्रूझ. यादी खोटी होती, सापळा लावला होता चमूतल्या फितुरासाठी, आणि जिवंत राहिला म्हणून फितूर तूच, असं वरिष्ठ अधिकारी किट्रिज त्याला ऐकवतो. मग इथन खरी यादी थेट सीआयएच्या लँग्लीतल्या मुख्यालयातून चोरायची ठरवतो. त्या यादीच्या आमिषाने मॅक्स नावाची दलाल बाई खऱ्या फितुराला समोर आणेल, असा त्याचा हिशेब. पहिल्यांदा पाहताना मला यातलं निम्मंच कळलं होतं. दुसऱ्यांदा थोडं जास्त. त्या वेळी परीक्षकांनीही गोंधळाबद्दल कुरकुर केली होती. प्रेक्षकांचं मात्र काही अडलं नाही. सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने जगभरात ४५ कोटींहून जास्त कमावले.

कथा कळत नाही आणि तरी नजर हटत नाही, असं का होतं? माझं म्हणणं असं, की डी पाल्मा यांनी 'का'कडे दुर्लक्ष केलं आणि 'कसं' हे मात्र शाळामास्तराच्या चिकाटीने शिकवलं.

खोलीचे नियम

लँग्लीचा बेत इथन सोबत्यांना समजावतो तो प्रसंग पाहा. बोलतोय इथन, पण पडद्यावर विल्यम डनलो नावाचा कर्मचारी रोजच्यासारखा कामावर चाललाय. आवाजाची ओळख, सहा आकड्यांचा संकेत, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, मग कार्ड. एवढं झाल्यावर दार उघडतं. डनलो बाहेर गेला की आत तीन यंत्रणा जाग्या होतात. पहिली आवाजाची: कुजबुजीहून मोठा आवाज झाला की संपलं. दुसरी तापमानाची: अनोळखी अंगाच्या उष्णतेने हवा एका अंशानेही तापली तरी तिला कळतं. तिसरी जमिनीची: फरशीवर जरासं जरी वजन पडलं तरी बोंब. आत शिरायची एकच वाट, ३० फूट उंचीवरच्या छतातली हवेची जाळी.

तीनच नियम. एक कानाचा, एक त्वचेचा, एक वजनाचा. यात संगणकाचं एक अक्षर नाही. प्रसंग जुना न होण्याचं खरं बीज मला इथे दिसतं. पासवर्ड कसा फोडला, फायरवॉल कशी ओलांडली, हे दाखवलं असतं तर पाचेक वर्षांत हसू आलं असतं. पण घाम येतो, हात थकतो, वस्तू खाली पडते, हे १९९६ साली जसं होतं तसंच आजही आहे. चोरायचं आहे ते संगणकातून, पण सगळी अडचण शरीराची. त्यामुळे संगणक कितीही जुनाट दिसला तरी प्रसंगाला धक्का लागत नाही.

आणि नियम सांगताना दृश्यही दाखवल्यामुळे आपण ती खोली एकदा फिरून आलेलो असतो. टेबल कुठे, दार कुठे, छत किती उंच, हे माहीत झालंय. कला दिग्दर्शक नॉर्मन रेनल्ड्स यांनी खोली जवळजवळ पांढरीफटक ठेवली. लपायला कोपरा नाही, सावली नाही. काळ्या कपड्यातला माणूस वरून उतरतो तेव्हा कागदावर शाईचा ठिपका पडावा तसा दिसतो. कॅमेरा कधी छतातून सरळ खाली बघतो, कधी फरशीलगत बसून वर. मधल्या उंचीवरून, नेहमीच्या नजरेने, तो फारसा बघत नाही, कारण प्रश्न सगळा त्या मधल्या अंतराचा आहे.

मग पार्श्वसंगीत थांबतं. डॅनी एल्फमन यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग जवळजवळ मुका ठेवायचा, हे धाडसच. पण खोलीत आवाज चालत नाही हा नियम एकदा मांडल्यावर डी पाल्मा यांनी तो प्रेक्षागृहालाही लावला. संगीत वाजलं असतं तर आपण नियमाच्या बाहेर बसलो असतो. आता आपणही आत. आमच्या घरात त्या वेळी भाचीने वेफर्सच्या पाकिटात घातलेला हात तसाच ठेवला होता. मुद्दाम नव्हे, विसरून.

आता बारकावा बघा. इथन वर टांगलेला, दोरी धरलीय जाळीमागे बसलेल्या क्रीगरने (जाँ रेनो). तिकडे फेल्प्सची बायको क्लेअर (मेल्यात जमा धरलेली, पण प्रागमधून तीही वाचलेली) हिने डनलोच्या कॉफीत औषध घातलंय, त्यामुळे तो पोट धरून खोलीतून पळतो, परत येतो, पुन्हा पळतो. दरवेळी तो आत आला की अलार्म निजतात आणि बाहेर गेला की जागे होतात. म्हणजे इथनला कधी यंत्रांपासून लपायचंय, कधी माणसापासून. भाचीचा गोंधळ झाला तो इथेच, आणि तो व्हावा अशीच रचना आहे. एकच खोली, पण धोका आलटून पालटून बदलणारा.

मग वाहिनीतून उंदीर येतो. क्रीगर दचकतो, दोरी सुटते आणि इथन धाडकन खाली येऊन फरशीपासून बोटभर अंतरावर आडवा थांबतो. हात-पाय पसरलेले, पोहणाऱ्यासारखे. त्याच्या चष्म्याच्या काचेवर घामाचा एक थेंब. तो थेंब घरंगळत कडेला येतो, तिथे जरा रेंगाळतो, आणि पडतो. खाली हातमोज्यातला तळवा आलेला असतो. बस. एवढंच. या सिनेमात पुढे हेलिकॉप्टरचा स्फोट आहे, पण श्वास अडकतो तो या थेंबाने. त्यात तिन्ही नियम एकत्र आले आहेत: घाम उष्णतेचा, थेंब वजनाचा, आणि ओरडायची सोय नाही.

हा आडवा तोल सांभाळणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. क्रूझचं डोकं सारखं खाली जाऊन फरशीला लागत होतं. शेवटी त्याने बुटांत ब्रिटिश पौंडाची नाणी भरून पायाकडचं वजन वाढवलं, हे त्यानेच पुढे मुलाखतींत सांगितलंय. नंतरच्या भागांत त्याने इमारती चढल्या, विमानाला लटकला. मला मात्र तराजूच्या पारड्यात वजन टाकावं तशी बुटात टाकलेली ही नाणी जास्त आवडतात.

इथन वर निघाला, सगळं निभावलं असं वाटतंय, आणि क्रीगरच्या हातून सुरा सुटतो. तो गरगरत खाली जातो आणि टेबलात टोकावर रुततो. त्याच वेळी डनलो दारात. पुढे काय झालं ते न दाखवता डी पाल्मा फक्त त्याचा चेहरा दाखवतात.

उसनवारीचं एक वर्तुळ

हे सगळं हवेतून आलेलं नाही. ज्युल्स दासँ यांनी १९५५ साली पॅरिसमधल्या चोरीवर 'रिफिफी' केला. त्यातली दागिन्यांच्या दुकानाची घरफोडी जवळपास अर्धा तास चालते, संवादाविना आणि संगीताविना. त्यांनीच १९६४ मध्ये 'टोपकापी' केला. तिथे चोर इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यातला रत्नजडित खंजीर चोरायला छतातून दोरीने उतरतात, कारण जमिनीला वजन कळतं. तो 'टोपकापी' बघूनच ब्रूस गेलर यांना 'मिशन: इम्पॉसिबल' मालिका सुचली. म्हणजे सिनेमावरून मालिका आली, मालिकेवरून सिनेमा, आणि त्या सिनेमात डी पाल्मा यांनी मूळ दोरी परत आणून टांगली.

चोरी म्हणा हवं तर. पण फरक बघण्यासारखा आहे. 'टोपकापी'त घात करतो एक पक्षी, इथे संकट आणतो उंदीर. तिथे खंजीर वर नेण्यासाठी खटपट, इथे सुरा वरून खाली पडतो. उसनं घेतलेलं उलटं करून ठेवण्याची ही खोडी ज्यांना दिसते त्यांना गंमत वाटते, ज्यांना दिसत नाही त्यांचं काही बिघडत नाही.

लाल आणि हिरवा

नियम आधी, करामत नंतर. हा क्रम फक्त लँग्लीपुरता नाही. प्रागच्या मोहिमेआधी जॅक नावाचा सोबती इथनला च्युइंगगम देतो. एक बाजू लाल, एक हिरवी. दोन्ही एकत्र चुरडल्या की पाच सेकंदांत स्फोट. चावू नकोस म्हणजे झालं, असा वर विनोद. जॅक त्यानंतर लवकरच मरतो, पण गम आपल्या डोक्यात राहतो.

मग चमू संपल्यावर इथन किट्रिजला भेटतो ते एका उपाहारगृहात, भोवती माशांच्या अवाढव्य टाक्या. सुरुवातीला कॅमेरा सरळ असतो. 'आजूबाजूला बसलेली माणसं मी आधी पाहिली आहेत, ही सगळी तुमची आहेत' असं इथनच्या ध्यानात येऊ लागतं तसा कॅमेरा खाली सरकतो आणि चौकट तिरकी होत जाते. चेहरे जवळ येतात, इतके की नाकावरचा घाम मोजावा. जमीन सरकल्याची भावना दाखवायला डी पाल्मा यांनी खरोखरच जमीन कलती केली. हेन्री चर्नी या नटाने किट्रिज असा रंगवलाय, की तो नुसता हसला तरी अपमान वाटावा. इथन खिशातून गम काढतो तेव्हा आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तो फेकतो, काच फुटते, आणि पाण्याच्या लोंढ्यापुढे तो पळतो. या सबंध सिनेमात इथन एकही गोळी झाडत नाही, हे मला परवा पाहताना प्रथम जाणवलं.

बोलणं खोटं, चित्र खरं

लँग्लीचं कौतुक सगळेच करतात. मला त्याच्या तोडीचा वाटतो तो लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातला प्रसंग, ज्यात दोन माणसं फक्त बसून बोलतात.

मेला असं वाटलेला जिम फेल्प्स (जॉन व्हॉइट) इथनसमोर जिवंत येतो आणि सांगतो, फितूर म्हणजे किट्रिज. तोवर इथनला कळून चुकलंय. फितुराचं टोपणनाव बायबलमधल्या ईयोबाचं, आणि त्या बायबलच्या प्रतीवर शिकागोच्या ड्रेक हॉटेलचा शिक्का त्याने पाहिलेला आहे, आणि तिथे कोण राहिलं होतं तेही त्याला ठाऊक आहे. पण तो कळल्याचं दाखवत नाही. 'असं का? मग किट्रिजने हे कसं केलं असेल?' असं म्हणत तो फेल्प्सच्या सुरात सूर मिसळतो. आणि तोंडाने तो किट्रिजचं नाव घेत असताना पडद्यावर दिसतो फेल्प्स: स्वतःवर गोळी झाडल्याचं नाटक करणारा, हाताला रक्त फासणारा, लिफ्टमध्ये जॅकचा काटा काढणारा.

त्यातही एक जागा थांबून बघावी अशी. प्रागमधल्या गाडीच्या स्फोटापाशी आल्यावर इथनच्या मनात आधी क्लेअर दिसते, तीच स्फोट घडवताना. मग चित्र पुसलं जातं आणि त्याच जागी फेल्प्स येतो. क्लेअर फेल्प्सची बायको, आणि इथन तिच्याकडे ओढला गेलेला. तिच्यावरचा संशय त्याला सोसत नाही, म्हणून त्याचं मन पुरावा बदलतं. एवढी मोठी गोष्ट दोन शॉट्समध्ये, एक शब्द न उच्चारता. हिचकॉक यांनी १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये पूर्वदृश्य खोटं दाखवलं तेव्हा लोकांना फसवल्यासारखं वाटलं होतं. हिचकॉकचे भक्त असलेल्या डी पाल्मा यांनी तेच उलट केलं. इथे बोलणं खोटं आणि चित्र खरं.

हा प्रसंग ज्याच्या नजरेतून निसटला त्याला पुढे शेवटपर्यंत काही कळत नाही, हे कबूल. बोलणं ऐकत वेफर्स खाणाऱ्यांसाठी तो नाही.

फेल्प्सला खलनायक केल्यामुळे मालिकेतली जुनी मंडळी दुखावली. मूळ फेल्प्स रंगवणारे पीटर ग्रेव्हज यांना भूमिका देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली. त्यांचा राग मी समजू शकतो, पण कथेला त्याने काळाचा धागा मिळाला. शीतयुद्ध संपलेलं, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झालेला. हेरांनी आता करायचं काय? फेल्प्सचा जबाब ऐकण्यासारखा आहे: एक दिवस उठावं आणि कळावं, की देश आपल्याला न विचारता चाललाय, आपण मोडीतलं यंत्र झालोय, संसार धड नाही आणि पगार वर्षाला ६२,००० डॉलर. तिकडे मॅक्सकडे यादीची किंमत १ कोटी डॉलर. सिनेमा यायच्या दोनच वर्षं आधी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, सीआयएतला ऑल्ड्रिच एम्स पकडला गेला होता. मॉस्कोला नावं विकून त्याने २५ लाख डॉलरहून जास्त कमावले, आणि त्या नावांमागची किमान दहा माणसं जिवाला मुकली. १९९६ सालच्या अमेरिकी प्रेक्षकाला नावांची यादी म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

जिथे तो जुना झाला

आता उलट बाजू. शेवटची मारामारी लंडनहून पॅरिसला निघालेल्या टीजीव्ही या वेगवान आगगाडीच्या टपावर होते, आणि मागे हेलिकॉप्टर समुद्राखालच्या चॅनल टनेलमध्ये शिरतं. बोगदा १९९४ मध्ये उघडलेला, म्हणजे तेव्हा अगदी नवा. मेहनत अफाट आहे. पाइनवूड स्टुडिओत क्रूझच्या तोंडावर खरा वारा यावा म्हणून हवेत तरंगण्याच्या सरावासाठी वापरतात तसलं यंत्र आणलं, ताशी सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत झोत सोडणारं. गाल मागे ओढलेले दिसतात ते खरे. बाकीचं काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने संगणकावर केलं आणि त्या काळी लोक थक्क झाले.

भाची थक्क झाली नाही. "बोगद्यात हेलिकॉप्टर मावतं?" एवढंच तिने विचारलं. उत्तर तिला नको होतं. लँग्लीत ती नियम तपासत होती, इथे तपासायला नियमच नव्हता. पाती भिंतीला लागली तर काय, टपावर माणूस किती वेळ टिकतो, काहीच आधी सांगितलेलं नाही, त्यामुळे काहीही होऊ शकतं, आणि काहीही होऊ शकतं म्हटलं की काळजी कशाची करायची? एकाच क्षणी ती ताठ बसली. इथनने खिशातून गम काढला. "लाल-हिरवा!" ती ओरडली.

संगणकाच्या जागा तर सोडूनच द्या. युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, इथन बायबलमधल्या ईयोबाच्या नावाने शोधत बसतो आणि मॅक्सला पाठवलेल्या ईमेलचा पत्ता बघून घरात हशा पिकला. त्यावर मी रागावलो नाही. पण बायकांच्या वाट्याला जे आलंय त्यावर रागवावं असं आहे. क्रिस्टिन स्कॉट थॉमस यांच्यासारखी नटी पहिल्या अर्ध्या तासात भोसकून संपवली. इमॅन्युएल बेआर यांची क्लेअर शेवटपर्यंत धुकं राहते. ती नक्की कोणाच्या बाजूची होती याचा फितुरीच्या गोष्टीत कळीचा प्रश्न व्हायला हवा होता, तो लेखकांनी अर्धाच लिहिला. भाव खाऊन जाते ती व्हॅनेसा रेडग्रेव्ह यांची मॅक्स. मोजक्या प्रसंगांत, जणू सगळं जग आपल्या बैठकीच्या खोलीत भरलंय अशा थाटात बोलणारी. तिच्यासाठी आणखी पंधरा मिनिटं दिली असती तर मी हेलिकॉप्टर आनंदाने सोडलं असतं.

संगीताबद्दल एकच. लालो शिफ्रिन यांची मूळ धून पाच मात्रांची आहे. दोन लांब ठोके, दीड-दीड मात्रेचे, मग दोन आखूड. मोर्स लिपीत दोन लांब म्हणजे 'एम', दोन आखूड म्हणजे 'आय'. ती सुरू झाली की पाय आपोआप ताल धरतो आणि दरवेळी चुकतो, कारण चारची सवय असलेल्या पायाला पाचवी मात्रा सापडत नाही. ही धून सिनेमाहून तीस वर्षांनी जुनी, आणि यात सगळ्यात कमी वय झालंय ते तिचंच.

डनलोचं पुढे काय झालं

चोरी उघडकीस आल्यावर किट्रिज हुकूम सोडतो: या डनलोला आजच्या आज अलास्कातल्या रडारच्या मनोऱ्यावर पाठवा. प्रेक्षक हसतात, गोष्ट पुढे जाते. बिचाऱ्याने काही केलेलं नसतं, फक्त कॉफी प्यायलेली. रोल्फ सॅक्सन या नटाला सिनेमात मोजकेच संवाद, आणि बराच वेळ तो एकतर टंकन करतो किंवा उलटी करायला धावतो. पण त्याच्या वेळापत्रकावर सगळ्या प्रसंगाचं घड्याळ चालतं. तो कधी येईल, कधी जाईल, मान वर करेल का.

पुढे या सिनेमाचे आणखी सात भाग आले. दिग्दर्शक बदलले, इमारतींची उंची वाढत गेली. आठव्या भागात, २०२५ मध्ये, तोच रोल्फ सॅक्सन तोच डनलो म्हणून परतला. एकोणतीस वर्षं तो खरोखरच तिकडे, बेरिंग समुद्रातल्या बर्फाळ बेटावर होता. एका ओळीचा विनोद लिहिणाऱ्यांनी तेव्हा हे मनातही आणलं नसणार.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली. "म्हणजे त्याला खरंच पाठवलं?" मग तिने पुन्हा रिमोट उचलला आणि सिनेमा त्या पांढऱ्या खोलीपर्यंत मागे नेला. या खेपेला तिला क्रूझकडे बघायचंच नव्हतं. डनलो कितीदा आत येतो आणि एकदाही वर का बघत नाही, ते तिला बोटांवर मोजायचं होतं.